पुस्तक निसटले, माणूस सापडला: विल्यम टिंडेल प्रकरण

विल्यम टिंडेल (सुमारे १४९४–१५३६) या इंग्रज धर्मसुधारकाची हकिगत बहुतेक वेळा शेवटाकडून सांगितली जाते: खांब, गळ्याभोवती दोर, मग आग. त्यामुळे त्याचे धैर्य म्हणजे मरणाला न भिणे, एवढेच डोक्यात राहते. प्रत्यक्षात त्याची बहुतेक वर्षे फार रुक्ष कामात गेली. ग्रीक आणि हिब्रू शिकणे, छापखाना गाठणे, कागदाचे पैसे उभे करणे, प्रुफे वाचणे, माल चोरवाटेने रवाना करणे आणि हे सगळे उधळले गेले की पुन्हा मांडणे.

हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे ते एका विसंगतीमुळे. टिंडेलने बायबलचा नवा करार, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा भाग, इंग्रजीत आणला. इंग्लंडच्या बिशपांनी हे पुस्तक अडवायला पैसा, हेर, परराष्ट्र वकील, जाळपोळ सगळे वापरून पाहिले. पुस्तक काही थांबले नाही. माणूस मात्र एका दिवाळखोर तरुणाने जेवायला नेतो म्हणून घराबाहेर काढला आणि शिपायांच्या हवाली केला. पुस्तक का सापडले नाही आणि माणूस का सापडला, याची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी परवानगी मागितली होती

टिंडेल सुरुवातीपासून बंडखोर होता, हे खरे नाही. इंग्लंडमध्ये विक्लिफ या जुन्या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या धसक्याने १४०९ मध्ये आर्चबिशप अरंडेल यांचे नियम लागू झाले होते. बायबलचा कोणताही भाग कोणी आपल्या अधिकारात इंग्रजीत आणू नये आणि तसे नवे भाषांतर मंजुरीशिवाय वाचूही नये, असा त्यातला एक नियम. जर्मन बायबल १४६६ मध्ये छापून झाले होते, इटालियन १४७१ मध्ये, चेक १४८८ मध्ये. इंग्रजीत १५२० पर्यंत छापील असे काहीच नव्हते. पण नियमात एक फट होती. बिशपने हो म्हटले तर भाषांतर चालत होते.

म्हणून १५२३ मध्ये टिंडेल लंडनला आला. ऑक्सफर्डची एम.ए. पदवी, मग ग्लॉस्टरशरमध्ये सर जॉन वॉल्श यांच्या घरी मुलांचा शिक्षक, एवढीच त्याची आतापर्यंतची कारकीर्द. त्याने लंडनचे बिशप कथबर्ट टन्स्टल यांची गाठ घेतली आणि आपल्या ग्रीकचा पुरावा म्हणून इसोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वक्त्याच्या एका भाषणाचे स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर पुढे ठेवले. माणूस त्याने नीट हेरला होता. टन्स्टल स्वतः ग्रीक जाणणारे होते, विख्यात विद्वान इरॅस्मसच्या ग्रीक नव्या कराराच्या कामात त्यांनी मदत केली होती. पण जर्मनीत पोपच्या चर्चविरुद्ध उठलेल्या ल्यूथरचा वणवा पेटून जेमतेम काही वर्षे झाली होती आणि कोणताही बिशप त्या काळात इंग्रजी बायबलवर आपला शिक्का उठवणार नव्हता. माझ्या घरी आधीच माणसे पुष्कळ आहेत, लंडनमध्ये दुसरीकडे काम मिळेल, असे सांगून त्यांनी त्याची बोळवण केली.

टिंडेलला जागा दिली ती हम्फ्री मॉनमथ या कापड व्यापाऱ्याने. पुढे १५२८ मध्ये मॉनमथला अटक झाली, तेव्हा त्याने दिलेल्या जबानीवजा अर्जात या पाहुण्याचे वर्णन आहे: सुमारे सहा महिने राहिला, रात्रंदिवस पुस्तकात, खायला उकडलेले मांस, प्यायला साधी पातळ बिअर, अंगावर तागाचे कपडे नाहीत. मॉनमथने त्याला आईवडिलांच्या आत्म्यासाठी प्रार्थना कर म्हणून दहा पौंड दिले. हे दहा पौंड आणि त्यामागचे कापड व्यापाऱ्यांचे जाळे या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. इंग्लंडचे लोकरी कापड समुद्रापलीकडच्या अँटवर्प (आजचे बेल्जियम) या बंदराला जाई आणि तिकडून माल भरून जहाजे परत येत. ती वाट कोणालाही नवी तयार करावी लागली नाही.

१५२४ च्या वसंतात टिंडेल समुद्रापार गेला. पुन्हा इंग्लंडला आला नाही.

कोलोन: दहाव्या फर्म्यावर काम थांबले

१५२५ मध्ये नव्या कराराचे हस्तलिखित तयार होते. आधार होता इरॅस्मसच्या ग्रीक पाठाचा, शेजारी ल्यूथरचे १५२२ चे जर्मन भाषांतर. मदतनीस विल्यम रॉय. छापखाना जर्मनीतल्या कोलोनमधला, पीटर क्वेंटेल याचा. आकार क्वार्टो, म्हणजे कागदाचा पूर्ण ताव दोनदा दुमडून चार पाने, आठ पृष्ठे. सुरुवातीला लांब प्रस्तावना, समासात टीपा. त्यातल्या बऱ्याच ल्यूथरच्या वळणाच्या. प्रती तीन हजार.

घोटाळा छापखान्याच्या आतूनच झाला. त्याच क्वेंटेलकडे योहानेस कॉखलेउस नावाचा ल्यूथरचा कट्टर विरोधक आपले एक पुस्तक छापून घेत होता. लवकरच सगळे इंग्लंड ल्यूथरच्या बाजूचे होणार, अशी फुशारकी कामगार मारताना त्याच्या कानावर आली. त्याने काही कामगारांना घरी बोलावले, दारू पाजली आणि सगळे काढून घेतले: तीन हजार प्रती, खर्च इंग्रज व्यापाऱ्यांचा, छपाई 'के' या खुणेच्या फर्म्यापर्यंत (फर्मा म्हणजे एका तावावर छापून दुमडलेली पाने) आलेली. त्याने ही खबर नगरसभेतले वजनदार सरदार हेर्मान रिंक यांना दिली आणि नगरसभेने काम बंद करण्याचा हुकूम काढला.

फर्म्यांना अक्षरे देताना 'आय' आणि 'जे' एकच धरत, म्हणजे 'के' हा दहावा. दहा फर्म्यांची ८० पृष्ठे होतात. टिंडेल आणि रॉय यांनी छापलेले ताव उचलले आणि ऱ्हाइनवरून बोटीने वर वर्म्सला गेले. यातला एकच तुकडा आज शिल्लक आहे: ३१ पाने, नव्या करारातल्या मत्तय या पहिल्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायापर्यंत. तो ब्रिटिश लायब्ररीत आहे.

चुकले काय? गुप्त काम अशा छापखान्यात दिले जिथे विरुद्ध बाजूचा गिऱ्हाईकही रोज येत-जात होता. क्वेंटेलला दोन्हीकडचे पैसे चालत होते, त्यात नवल नाही. आणि प्रस्तावना-टीपांसह मोठा आकार निवडल्याने काम लांबले. छपाईत दिवस वाढले की तोंडे वाढतात.

वर्म्स: आकारच बदलला

वर्म्सला पीटर शोफर धाकटा याच्याकडे काम नव्याने सुरू झाले. त्याचा बाप गुटेनबर्गचा सहकारी. कोलोनचे ताव पुढे चालू ठेवणे स्वस्त पडले असते. तसे केले नाही. नवी आवृत्ती ऑक्टाव्होत निघाली, ताव तीनदा दुमडून आठ पाने, सोळा पृष्ठे. प्रस्तावना गेली, समासातल्या टीपा गेल्या, भाषांतरकाराचे नाव नाही. शेवटी वाचकाला उद्देशून एक छोटे टिपण आणि शुद्धिपत्र, बस्स.

या प्रत्येक कपातीमागे कारण आहे. लहान आकाराला कागद कमी लागतो, आणि त्या काळच्या छपाईत सर्वांत मोठा खर्च कागदाचाच असे. सुमारे ७०० पृष्ठांच्या या पुस्तकाला एका प्रतीमागे साधारण ४४ ताव लागले. तीन हजार प्रती धरल्या तर सव्वा लाखाच्या वर ताव. क्वार्टोमध्ये हाच आकडा बराच फुगला असता. टीपा काढल्याने ल्यूथरचा ठसा उघड दिसेना. पकडलेल्या प्रतीत केवळ शास्त्राचा मजकूर सापडे. आणि पुस्तक बाहीत मावत असे.

पुस्तके त्या काळी बांधणी न करता, सुट्या तावांच्या रूपाने पाठवत आणि बांधणी पोचल्या गावी होई. कापडाच्या गाठीत छापील तावांची चळत घातली की वरून ओळखू येत नाही. बंदरावरच्या तपासनिसाला एकेक गाठ उसवून बघावी लागे. सगळ्या गाठी उसवायच्या म्हणजे इंग्लंडचा मुख्य व्यापार अडवायचा. तेवढी किंमत मोजायला कोणी तयार नव्हते.

या आवृत्तीच्या तीनच प्रती आज ज्ञात आहेत. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली अपुरी आहे. दुसरी ब्रिटिश लायब्ररीने १९९४ मध्ये ब्रिस्टलच्या बाप्टिस्ट कॉलेजकडून दहा लाख पौंडांहून अधिक मोजून घेतली. तिसरी १९९६ मध्ये श्टुटगार्टच्या ग्रंथालयात ओळखू आली, आणि मुखपृष्ठ फक्त तिलाच आहे. हजारोंतल्या तीन उरल्या, याचे श्रेय काही अंशी पुढच्या भागातल्या लोकांना आणि काही अंशी वाचून वाचून पुस्तक झिजवणाऱ्यांना.

जाळणे आणि विकत घेणे

१५२६ च्या वसंतात प्रती इंग्लंडात पोचू लागल्या. ऑक्टोबरमध्ये टन्स्टल यांनी पुस्तके जमा करण्याचा हुकूम काढला, लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना बोलावून ताकीद दिली आणि सेंट पॉलच्या आवारात प्रवचन करून प्रती जाळल्या. भाषांतरात हजारो चुका आहेत, असे त्यांचे म्हणणे. देवाचा शब्द म्हणवणारे पुस्तक बिशपच्याच हाताखाली जळते आहे, हे पाहून अनेक भाविकही अस्वस्थ झाले.

मग खरेदीचा मार्ग निघाला. कँटरबरीचे आर्चबिशप वॉरहॅम यांनी समुद्रापार मिळतील तेवढ्या प्रती विकत घेतल्या आणि मे १५२७ मध्ये इतर बिशपांना खर्चाचा वाटा मागितला. आकडा आहे ६६ पौंड ९ शिलिंग ४ पेन्स. नॉरिचचे म्हातारे बिशप निक्स यांनी दहा मार्क देऊ केले आणि आर्चबिशपांचे कौतुकही केले. एडवर्ड हॉलच्या बखरीत याहून खुमासदार गोष्ट आहे. टन्स्टल अँटवर्पला असताना ऑगस्टीन पॅकिंग्टन या व्यापाऱ्याने त्यांना टिंडेलच्या प्रती मिळवून देतो म्हटले आणि थेट टिंडेलकडूनच त्या घेतल्या. बिशपला पुस्तके मिळाली, पॅकिंग्टनला आभार, टिंडेलला पैसे. त्याने कर्ज फेडले आणि सुधारलेली आवृत्ती हाती घेतली. बखर म्हटली की थोडे मीठमसाला असायचाच. वॉरहॅमच्या पत्राच्या बाबतीत मात्र तशी शंका घ्यायला जागा नाही.

ही युक्ती चालली नाही, त्याचे कारण छपाईच्या हिशेबात आहे. हस्तलिखिताची प्रत जाळली की कित्येक महिन्यांचे श्रम जळतात. छापील प्रत जाळली की दोन-चार शिलिंगांचा कागद. छापखानदाराला धोका एकच, माल पडून राहण्याचा. तो आर्चबिशपच उचलत असतील तर पुढची आवृत्ती छापायला त्याला कसलीच भीती नाही. अँटवर्पच्या क्रिस्टोफेल व्हान एंडहोव्हन याने तर १५२६ संपण्यापूर्वीच टिंडेलला न विचारता स्वतःची चोरटी आवृत्ती बाजारात आणली. इंग्लंडचे तिकडचे वकील जॉन हॅकेट यांनी त्याला शिक्षा करवण्यासाठी जंग जंग पछाडले. अँटवर्पकर म्हणाले, पुस्तकात पाखंड कुठे आहे ते आधी दाखवा. परक्या राजाच्या सांगण्यावरून आपला व्यापारी हद्दपार करायला ते शहर तयार नव्हते.

चोरट्या आवृत्त्यांचा टिंडेलला वैतागही होता. डच जुळाऱ्यांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे मुद्रणदोषांचा सुळसुळाट. वर १५३४ मध्ये जॉर्ज जॉय या त्याच्याच बाजूच्या माणसाने एक आवृत्ती तपासताना 'पुनरुत्थान' जिथे आहे तिथे काही ठिकाणी 'या जीवनानंतरचे जीवन' घातले, तेही टिंडेलला न सांगता. टिंडेलने त्या नोव्हेंबरात मार्टिन द कायझर याच्याकडे आपली सुधारित आवृत्ती काढली आणि तिच्या दुसऱ्या प्रस्तावनेत जॉयला चांगलेच खडसावले: बदल करायचे तर स्वतःच्या नावावर करा.

बिशपांचा खरा आक्षेप

चुकांच्या हजारोंच्या आकड्यामागे खरा वाद मूठभर शब्दांचा होता, आणि तो समजल्याशिवाय एवढा संताप का, हे कळत नाही. ग्रीक मजकुरातल्या ज्या शब्दाला चर्च म्हणत, तिथे टिंडेलने 'मंडळी' अशा अर्थाचा शब्द घातला. 'पुरोहित' काढून 'वडील', 'प्रायश्चित्त करा' ऐवजी 'पश्चात्ताप करा', 'दानधर्म' ऐवजी 'प्रीती'. मराठी बायबल वाचणाऱ्याला यात वावगे वाटणार नाही, कारण तिथे मंडळी, वडील, पश्चात्ताप, प्रीती हेच शब्द आहेत. पण सोळाव्या शतकातल्या चर्चच्या दृष्टीने हे चार खांब काढून घेणे होते. पुरोहिताचा दर्जा, त्याच्यापुढचा कबुलीजबाब, त्याने सांगितलेले प्रायश्चित्त आणि दानाचे पुण्य, यांना शास्त्रात शब्दच उरला नाही तर आधार कुठला?

इंग्लंडचे विद्वान राजकारणी थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला, टिंडेलने १५३१ मध्ये उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे खंडन करताना मोर यांनी सुमारे पाच लाख शब्द खर्च केले. टिंडेलचे उत्तर त्या मानाने आटोपशीर. इरॅस्मस हा मोर यांचा जिवलग मित्र. त्यानेही आपल्या लॅटिन भाषांतरात चर्चसाठीचा रुळलेला शब्द काही जागी बदलला होता, मग त्याला कोणी का धरले नाही, असे टिंडेलने विचारले. प्रश्न बिनतोड होता. मोर यांचे म्हणणे, हेतू पाहा. आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तेही अगदी पोकळ नाही.

राजाचा निरोप

१५२८ मध्ये टिंडेलने आज्ञापालनावर एक पुस्तक लिहिले. राजा हा पोपला उत्तरदायी नाही, असा त्यातला सूर. राजाला जिच्याशी लग्न करायचे होते त्या ॲन बोलिनकडे ते होते आणि आठव्या हेन्रीला ते आवडले, असे सांगतात. घटस्फोटासाठी पोपशी भांडणाऱ्या राजाला असा लेखक हवाच होता. टिंडेलने यावेळी नुसते गप्प बसले असते तरी चालले असते. त्याने १५३० मध्ये धर्माधिकाऱ्यांच्या कारस्थानांवर पुस्तक काढले आणि त्यात राजाचा घटस्फोटही शास्त्राला धरून नाही, असे लिहून टाकले. आपल्या बाजूला येऊ घातलेल्या एकमेव शक्तिमान माणसाला त्याने दुखावले. धैर्याचे उदाहरण द्यायचे तर त्याला जिथे मारले त्या व्हिल्वोर्डेच्या खांबाआधी हे द्यावे.

तरीही १५३१ मध्ये राजाचे सल्लागार थॉमस क्रॉमवेल यांचा माणूस स्टीफन व्हॉन त्याला शोधत अँटवर्पला आला. एका अनोळखी माणसाने त्याला शहराच्या वेशीबाहेर शेतात नेले. तिथे टिंडेल उभा. व्हॉनने सांगितले, परत या, राजा दया करील. दुसऱ्या भेटीत, मे महिन्यात, टिंडेलने अट सांगितली. सम्राटाच्या (अँटवर्प ज्याच्या राज्यात होते तो पाचवा चार्ल्स) प्रजेला तिच्या भाषेत शास्त्र मिळते, तसे नुसते मूळ वचन, टीपा नसलेले, राजाने आपल्या प्रजेला मिळू द्यावे. भाषांतर कोणाचेही असो. तसे झाले तर मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही आणि राजाच्या पायाशी येऊन पडेन, मग छळ करा की मारा. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते, असे व्हॉनने कळवले आहे. राजाला पटले नाही. व्हॉनलाच टिंडेलशी फार सलगी नको, अशी तंबी मिळाली.

इथे एक कटू गोष्ट नोंदवायला हवी. १५३५ पर्यंत जीव गमावला तो टिंडेलने नव्हे, माल वाहणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी. रिचर्ड बेफील्ड हा बेनेडिक्टाइन संन्यासी पुस्तकांच्या खेपा आणत होता. त्याला १५३१ मध्ये स्मिथफील्डला जाळले. टिंडेलचा सर्वांत जवळचा सहकारी जॉन फ्रिथ इंग्लंडला गेला, पकडला गेला आणि जुलै १५३३ मध्ये जळाला. टिंडेलने तुरुंगातल्या फ्रिथला पत्रे लिहिली, धीर दिला. स्वतः मात्र परत गेला नाही. काहींना यात दुबळेपणा दिसतो. पण जुन्या कराराचे हिब्रूवरून इंग्रजी करू शकेल असा त्या बाजूला दुसरा माणूस नव्हता. त्याने काम निवडले आणि त्याची किंमत इतरांनीही भरली.

अँटवर्पची गल्ली

१५३४ पासून टिंडेल अँटवर्पमध्ये थॉमस पॉइंट्झ या इंग्रज व्यापाऱ्याच्या घरी राहत होता. ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या संघाचे घर. शहराने संघाला दिलेल्या सवलतींमुळे तिथे शिरून सहज अटक करता येत नसे. म्हणजे त्याचे संरक्षण उंबरठ्यापर्यंत होते. आठवड्यात सोमवार आणि शनिवार तो निर्वासित इंग्रजांच्या आणि गरिबांच्या भेटीसाठी काढी, बाकीचे दिवस पुस्तकात.

१५३५ च्या वसंतात हेन्री फिलिप्स तिथे आला. डॉर्सेटच्या सधन घरातला, बापाचे पैसे जुगारात उडवलेला तरुण. आता मात्र त्याच्या खिशात पैसे होते. ते कोणी दिले याचा पत्ता नाही. संशय इंग्लंडमधल्या कोणा बड्या धर्माधिकाऱ्यावर जातो. व्यापाऱ्यांच्या जेवणाच्या पंगतीत त्याची टिंडेलशी ओळख झाली. टिंडेलने त्याला घरी नेले, आपली पुस्तके दाखवली. पॉइंट्झला हा माणूस रुचला नाही आणि त्याने तसे टिंडेलला विचारलेही. टिंडेलने त्याची ग्वाही दिली.

पॉइंट्झ जत्रेच्या व्यापारासाठी बेर्गेन-ऑप-झोमला गेल्यावर फिलिप्सने ब्रुसेल्सहून सम्राटाचे शिपाई आणले. २१ मेच्या सुमारास तो घरी आला, पैशाचे पाकीट हरवले म्हणून टिंडेलकडून ४० शिलिंग उसने घेतले आणि जेवायला चला म्हणाला. टिंडेलने उलट त्यालाच आपल्याबरोबर जेवायचे आमंत्रण दिले. घरातून बाहेर पडायची गल्ली अरुंद, दोघे जोडीने चालू शकत नाहीत. फिलिप्सने अदबीने टिंडेलला पुढे केले. तो ठेंगणा, फिलिप्स उंच. मागून त्याच्या डोक्यावर बोट रोखून त्याने शिपायांना खूण केली. इतक्या भोळ्या माणसाला धरताना वाईट वाटले, असे त्या शिपायांनीच पुढे पॉइंट्झला सांगितले. त्याच दिवशी सरकारी वकील पिएर द्युफिफ याने घर गाठून टिंडेलची चीजवस्तू जप्त केली.

छापखाने, वाहक, विक्रेते ही साखळी अनेकांची होती आणि एक कडी तुटली तर दुसरी उभी राही. टिंडेलची सुरक्षितता त्याच्या एकट्याच्या पारखीवर होती आणि माणसे पारखण्यात तो कच्चा होता. पॉइंट्झने त्याच्यासाठी ब्रुसेल्सला खेटे घातले, क्रॉमवेलकडून पत्रे आणवली. फिलिप्सने त्यालाच पाखंडी ठरवून अडकवले. फेब्रुवारी १५३६ मध्ये तो कोठडीतून निसटला, पण धंदा बुडाला तो बुडालाच.

व्हिल्वोर्डे

ब्रुसेल्सच्या उत्तरेला व्हिल्वोर्डेचा किल्ला. किल्लेदाराला टिंडेलच्या राखणीचे पैसे मिळाले, एक वर्ष आणि १३५ दिवसांचे, रोज ४० स्टायव्हर (तिकडचे नाणे) या दराने. तिथून त्याने लॅटिनमध्ये लिहिलेले एक पत्र ब्रुसेल्सच्या दप्तरात एकोणिसाव्या शतकात सापडले. त्याच्या हातचे एवढेच पत्र शिल्लक आहे. हिवाळा तोंडावर आला आहे, माझ्या जप्त सामानातून काही वस्तू मिळाव्यात, अशी विनंती. जरा उबदार टोपी, कारण डोक्यात सर्दी भरली आहे आणि या कोठडीत ती वाढते आहे. उबदार अंगरखा, आहे तो फार पातळ आहे. पायमोज्यांना ठिगळ लावायला कापडाचा तुकडा. डगला झिजला, सदरेही झिजले. संध्याकाळी दिवा, कारण अंधारात एकट्याने बसणे जिवावर येते. आणि सगळ्यांहून अधिक, हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू कोश मिळवून द्यावा.

भाषांतर केले म्हणून त्याला मारले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. सम्राटाच्या मुलखात इंग्रजी भाषांतर हा काही गुन्हा नव्हता. खटला ल्यूथरपंथी पाखंडाचा होता. चौकशीला लूव्हाँ विद्यापीठाचे धर्मशास्त्री बसले होते. त्यांतल्या याकोबुस लाटोमुस याच्याशी त्याचा लेखी वाद झाला, मुद्दा माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो हा. टिंडेलचे लेख नाहीसे झाले. लाटोमुसची उत्तरे १५५० मध्ये छापली गेल्याने त्यावरून थोडा अंदाज येतो. ऑगस्ट १५३६ मध्ये त्याला दोषी ठरवले आणि त्याचे धर्मगुरुपद काढून घेतले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परंपरेने ६ तारखेला, गळा आवळून मग देह जाळला. 'प्रभू, इंग्लंडच्या राजाचे डोळे उघड,' हे त्याचे शेवटचे शब्द जॉन फॉक्स या चरित्रकाराने दिले आहेत.

मागे काय उरले

त्याच्या मृत्यूपर्यंत नवा करार आणि मोशेची पाच पुस्तके (जानेवारी १५३०, अँटवर्पची छपाई, मुखपृष्ठावर मुद्दाम खोटे 'मारबुर्ग') बाहेर पडली होती, योनाचे पुस्तकही. जुन्या करारातल्या 'यहोशवा' ते 'दुसरा इतिहास' या पुस्तकांचे भाषांतर हस्तलिखितात होते आणि ते जप्तीतून वाचले. इंग्रज व्यापाऱ्यांचा अँटवर्पमधला पाळक जॉन रॉजर्स याने ते १५३७ च्या बायबलमध्ये घातले. भाषांतरकार म्हणून नाव छापले थॉमस मॅथ्यू, असा कोणी माणूस नव्हता. जुन्या कराराचे शेवटचे पुस्तक असलेल्या मलाखीच्या शेवटी मात्र 'डब्ल्यू' आणि 'टी' ही दोन मोठी नक्षीदार अक्षरे आहेत. १५०० प्रती, प्रकाशक ग्राफ्टन आणि व्हिटचर्च. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी क्रॉमवेलला लिहिले की बिशपांच्या हातून याहून चांगले भाषांतर व्हायची वाट पाहिली तर कयामतीचा दिवस उलटेल. राजाने परवाना दिला. ज्याचा मजकूर पकडायला दहा वर्षे घालवली, तोच मजकूर त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात राजाच्या परवानगीने विकला जाऊ लागला.

१५३८ मध्ये प्रत्येक देवळात इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला, १५३९ मध्ये त्यासाठीचे मोठे बायबल आले आणि त्याचा पाया पुन्हा टिंडेलचाच. त्याच्या १५४१ च्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, राजाज्ञेने हे तपासले, म्हणून दोन बिशपांची नावे आहेत. त्यातले पहिले डरहॅमचे कथबर्ट. हे तेच टन्स्टल. १५४३ च्या कायद्याने टिंडेलच्या नावाची भाषांतरे पुन्हा बेकायदा ठरवली आणि कारागीर, नोकर, शेतकरी, मजूर, सामान्य घरच्या स्त्रिया यांना बायबल वाचायला बंदी केली. देवळातल्या बायबलमधला त्याचा मजकूर मात्र तसाच राहिला. त्यावर त्याचे नाव नव्हते ना. रॉजर्स १५५५ मध्ये कॅथलिक मेरी राणीच्या काळात स्मिथफील्डला जळाला.

१६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलची तुलना १९९८ मध्ये दोन संशोधकांनी नमुन्यांवरून केली. नव्या करारात सुमारे ८३ टक्के शब्द टिंडेलचे, आणि जुन्या करारातल्या त्याने हात लावलेल्या पुस्तकांत सुमारे ७६ टक्के. या दुसऱ्या आकड्यातली अट महत्त्वाची आहे. स्तोत्रे, यशया, यिर्मया, ईयोब यांपर्यंत तो पोचलाच नाही. त्या जागी १५३७ च्या बायबलमध्ये माइल्स कव्हरडेलचे भाषांतर आहे. कव्हरडेल शैलीकार उत्तम, पण त्याने आपले १५३५ चे बायबल जर्मन आणि लॅटिन भाषांतरांवरून केले होते आणि तसे मोकळेपणाने सांगितलेही होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रार्थना-पुस्तकातून जी स्तोत्रे शतकानुशतके गायली गेली, ती त्याचीच. हिब्रूवरून थेट केलेली टिंडेलची स्तोत्रे इंग्रजीला मिळाली नाहीत. कोश मागणाऱ्या त्या पत्रावर काय उत्तर आले, त्याचा एकही कागद नाही.